एमएचा संशोधन प्रकल्प: गटाने करावा की एकट्याने?

खारफुटी

नमस्कार मंडळी. मी उपयोजित मानसशास्त्रात एमए करते आहे, दुसरं वर्ष. राहायला ऐरोलीत. यंदा आमच्या विभागाने संशोधन प्रकल्पासाठी मुभा दिली आहे: पाच जणांचा गट करा, नाहीतर एकट्याने करा. शनिवारपर्यंत कळवायचं आहे.

विषय जवळजवळ ठरला आहे. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात रात्रपाळी करणारी मुलंमुली, त्यांची झोप आणि कामाचा शीण. सकाळी कॉलेजला निघते तेव्हा ही मंडळी घरी परतत असतात. ठाण्याच्या लोकलमध्ये काही जण दांडीला धरून उभ्याउभ्या झोपलेले असतात. आपल्या दारात एवढं मोठं काहीतरी चाललंय आणि आम्ही पाठ्यपुस्तकात शिकागोच्या कारखान्यातले प्रयोग वाचतो, हे मला बरेच दिवस खुपत होतं.

माझा कल गटाकडे आहे. पण गट हजेरीपटाच्या क्रमाने पाडणार आणि गुण पाचही जणांना सारखे. आमच्यातली एक पनवेलहून येते आणि दिवसभर नोकरी करते. एक डोंबिवलीचा, एक कासारवडवलीची. एकमेकांना फारसं ओळखतही नाही.

ज्यांनी असे प्रकल्प केलेत किंवा करून घेतलेत त्यांनी सांगा. गटाने खरंच एक संशोधन होतं, की पाच तुकडे होतात? गुण सारखेच असतील तर कामाची वाटणी कशी सांभाळायची? आणि कंपन्यांत शिरायचं कसं?

येऊरची_वाट

पाच जणांचा गट म्हणजे व्हॉट्सॲपवर सहा ग्रुप. एक सगळ्यांचा आणि पाच, प्रत्येक वेळी एकाला वगळून केलेले. :) शुभेच्छा!

कट्टा

एकट्याने कर. स्पष्टच सांगतो.

आमचा गट असाच हजेरीपटाने पाडला होता. पहिल्याच बैठकीत वाटणी झाली: प्रस्तावना तू, पूर्वसंशोधनाचा आढावा ती, सांख्यिकी तो. त्यानंतर थेट बाइंडिंगच्या दुकानातच भेटलो. आढाव्यात एका संकल्पनेची व्याख्या एक, प्रश्नावली मोजते दुसरंच, आणि निष्कर्षात तिसरंच काहीतरी. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला विचारलं, "हीच चाचणी का निवडली?" निवड माझी नव्हतीच. ज्याने केली तो शेजारी बसून खाली बघत होता.

एमएला संशोधन शिकायचं असतं. प्रश्न मांडण्यापासून अहवालाच्या शेवटच्या पानापर्यंत सगळं एका माणसाच्या हातून गेलं तरच ते शिकून होतं. लहान विषय घे, पण तुझा घे.

सावरी_ठाणे

कट्टा यांना अनुमोदन. आमच्याकडेही हेच झालं.

मध्यमान

कट्टा, तुमचा राग पोचला. पण तुम्ही सांगताय ती प्रकरणांची वाटणी. पाच जणांनी मिळून एक प्रश्न सोडवणं वेगळं.

खारफुटी, तुझ्या विषयाचं आधी गणित बघ. रात्रपाळी आणि दिवसपाळी अशी तुलना करायची आहे असं धरू. दोन्हींतला फरक मध्यम आकाराचा (कोहेनचा डी, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाचं माप, ०.५) असेल आणि तो ५ टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे फरक नसताना 'आहे' म्हणण्याची चूक शंभरात पाचदा चालेल असं धरून) हाती लागण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक बाजूला ६४ माणसं लागतात. एकूण १२८. फरक लहान, म्हणजे ०.२ असेल, तर प्रत्येक बाजूला चारशेच्या आसपास. जीपॉवर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्वतः करून बघ.

एका विद्यार्थिनीने एका सत्रात रात्रपाळीची ६४ माणसं गाठायची, प्रत्येकाला संमतीपत्रक समजावून सांगायचं, अर्धवट भरलेल्या प्रश्नावल्या बाजूला काढायच्या, हे जवळपास अशक्य आहे. मग काय होतं? गूगल फॉर्म नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरतो आणि मावशीची भाची, भाचीच्या मैत्रिणी असा नमुना तयार होतो. एमएचे कितीतरी प्रकल्प असल्या नमुन्यावर उभे आहेत आणि 'फरक आढळला नाही' हा निष्कर्ष छापून मोकळे होतात. फरक नव्हता, की माणसंच पुरेशी नव्हती, हे त्यातून कळायला मार्ग नाही.

गट हवा तो यासाठी. जो प्रश्न एकट्याला पेलत नाही त्यालाच गट लावावा. एकट्याला पेलणारा असेल तर कट्टा यांचं म्हणणं मला मान्य.

खारफुटी

मध्यमान, धन्यवाद. १२८ म्हणजे माणशी पंचवीस-सव्वीस. हे जमण्यासारखं वाटतंय. पण पाचपैकी दोघांनी आणलेच नाहीत तर?

शांत_पाणी

मी बरीच वर्षं ठाण्यात हा विषय शिकवला आणि असे गट सांभाळले. तुझ्या या प्रश्नाचं उत्तर आपल्याच विषयात आहे, पण विभाग स्वतःच्या विद्यार्थ्यांना ते लावत नाहीत, याची मला खंत आहे.

मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापले. आठ जण मिळून ओढू लागले की दरडोई जोर एकट्याने ओढतानाच्या निम्म्यावर येत होता. यात काही भाग ताळमेळ चुकण्याचा असणार, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. म्हणून १९७४ मध्ये इंगम आणि सहकाऱ्यांनी लोकांचे डोळे बांधले आणि मागे आणखी माणसं ओढताहेत असं नुसतं भासवलं. प्रत्यक्षात माणूस एकटाच ओढत होता, तरी जोर कमी पडला. १९७९ मध्ये लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि ओरडण्यावर हेच दाखवून दिलं.

त्यापुढचं काम सहसा वर्गात सांगितलं जात नाही. याच तिघांनी १९८१ मध्ये दाखवलं की आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे माणसाला माहीत असलं की हा ढिलेपणा जवळजवळ नाहीसा होतो. माणसं तीच, गटही तेवढाच.

म्हणून मी तीन गोष्टी करून घ्यायचे. दर आठवड्याला एक वही भरायची: कोणी काय केलं, किती वेळ, पुढे काय. सगळ्यांच्या सह्या. दुसरं, प्रश्न, साधन आणि विश्लेषण सगळ्यांचं मिळून, पण चर्चेचं प्रकरण प्रत्येकाने आपलं वेगळं लिहायचं आणि त्याचे गुण वेगळे. तिसरं, तोंडी परीक्षेत कोणालाही कोणत्याही भागावर प्रश्न. हे पहिल्या दिवशी सांगितलं की सांख्यिकीला घाबरणारी मुलंसुद्धा शिकायला बसतात.

एक सावधगिरी. 'मी किती टक्के काम केलं' असं कोणाला विचारू नकोस. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये नवराबायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला होता. बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. त्यात लबाडी नसते. आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं, एवढंच. वहीत नोंद असली की हा वाद उठत नाही.

येऊरची_वाट

आमच्या घरची बेरीज एकशे साठ आहे. आज बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवतो.

कट्टा

शांत_पाणी, तुमच्यासारखं मार्गदर्शन मिळालं असतं तर माझं मत कदाचित वेगळं असतं. पण बहुतेक ठिकाणी एका मार्गदर्शकाकडे इतके गट असतात की वही वाचायला वेळ कुठून आणणार?

आणि दोरीच्या प्रयोगात सगळे सारखेच मोकळे होते. इथे पनवेलची मुलगी नोकरी करून येणार. तिने कमी केलं तर तो ढिलेपणा म्हणायचा का? आमच्या गटातल्या एकाच्या घरी वर्षभर आजारपण होतं. तो कामात दिसलाच नाही. आम्ही त्याच्यावर चिडलो होतो, कारण तेव्हा आम्हाला काही माहीतच नव्हतं. वहीत त्याच्या नावापुढे रिकामी जागाच राहिली असती.

शांत_पाणी

हा मुद्दा अगदी खरा आहे. म्हणून वहीत 'पुढच्या आठवड्यात मला काय जमणार नाही' हाही रकाना हवा. तो आधी भरायचा. माणूस अडचण आधी सांगू शकला तर काम दुसऱ्याकडे जातं आणि मनात राग साठत नाही. नोकरी करणारीला फील्डवर्क झेपणार नसेल तर माहिती भरणं, तपासणं, विश्लेषण ही कामं रात्री घरी बसून होतात. काम तेवढंच करायचं, फक्त सगळ्यांनी एकच काम करायला नको.

पारसिक

मी मानसशास्त्रातला नाही. कळव्याला राहतो, ऐरोलीत रात्रपाळी करतो. तुमच्या भाषेत मी नमुना. विषय बघून राहवलं नाही.

असे फॉर्म आम्हाला दरवर्षी येतात. टीम लीडर पहाटे चारला ग्रुपवर टाकतो, 'भरा रे, माझ्या बहिणीच्या मैत्रिणीचा आहे.' साठ-सत्तर प्रश्न. कॉल सुरू असताना एका हाताने भरतो. सगळीकडे मधलं टिचकवायचं आणि पाठवायचं. हे मी एकटाच नाही, सगळेच करतात.

एकात प्रश्न होता, 'गेल्या महिन्यात तुम्ही रात्री साधारण किती वाजता झोपायला गेलात?' मी सकाळी साडेनऊला झोपतो. सुट्टीच्या दोन दिवसांत घरच्यांबरोबर रात्री झोपायचा प्रयत्न करतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उलटं. यातलं लिहू काय?

आणि जे खरं आहे ते कोणी विचारतच नाही. झोप 'लागत' नाही असं नसतं. ती मोडते. साडेदहाला वरच्या मजल्यावर ड्रिलिंग. बाराला कुकरच्या शिट्ट्या. दुपारी कुरियरवाला बेल वाजवतो. सोसायटीत सगळ्यांना वाटतं पोरगा दिवसभर लोळतो. आमच्या टीममधली एक ताई सात वाजता घरी पोचते, मुलाचा डबा करते, सासऱ्यांना चहा देते, मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवते आणि मग झोपते. दोनला मूल परत. तिचा आणि माझा फॉर्म सारखाच. कंपनी एक, पाळी एक, पगारही जवळपास तेवढाच, पण झोपेत जमीन-अस्मानाचं अंतर.

अजून एक. एवढे फॉर्म भरले, पण निष्कर्ष काय निघाला हे सांगायला एकही जण परत आला नाही.

खारफुटी

दादा, तुमचा प्रतिसाद मी गटाच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. आम्ही पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली घेणार होतो आणि त्यातला पहिलाच प्रश्न तुम्ही म्हणताय तो आहे.

मध्यमान

पिट्सबर्गची प्रश्नावली (१९८९) चांगली आहे. सात घटक, एकूण गुणांक ० ते २१, पाचाच्या वर गेला की झोप खराब धरतात. पण ती बनवली रात्री झोपणाऱ्या माणसासाठी. पाळीवाल्यांना द्यायची तर 'तुमची मुख्य झोप' असा बदल करावा लागेल, कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे विचारावे लागतील, आणि बदल केल्याचं अहवालात लिहावं लागेल. प्रश्नावलीचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगीही घ्या. जोडीला एपवर्थची आठ प्रश्नांची जागेपणी येणाऱ्या झोपेची चाचणी बघा. छोटी आहे.

बर्नआउटसाठी, म्हणजे कामाने येणाऱ्या टोकाच्या शिणासाठी, मॅस्लाखची २२ विधानांची चाचणी सगळे सुचवतील, पण ती विकत घ्यावी लागते. कोपनहेगनची १९ विधानांची (२००५) फुकट आहे. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेली चाचणी वापरू नका, मग ती वरच्या वर्गाकडून आलेली का असेना.

पारसिक यांच्या टीममधल्या ताईंबद्दल: 'घरी आल्यावर झोपेआधी कोणती कामं करता, किती वेळ' हा साधा प्रश्न टाकाच. मला वाटतं सगळ्या प्रकल्पात तोच सर्वात मोलाचा ठरेल.

तीन_हात_नाका

मीही एमए याच विषयात केलं, आता ठाण्यात एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. कंपनीत शिरायचं कसं, यावर लिहिते.

बहुतेक कंपन्या नाही म्हणतील. कारण साधं आहे. 'अमुक कंपनीतले इतके टक्के कर्मचारी थकलेले' असं कुठे छापून आलं तर उत्तर कोणी द्यायचं? त्यामुळे पत्रातच लिहा की कंपनीचं नाव कुठेही येणार नाही. एक पानाचा निष्कर्ष त्यांनाही देऊ असं सांगा, पण पाच-सहा जणांच्या टीमचे वेगळे आकडे देणार नाही हेही सांगा, कारण तेवढ्यात माणूस ओळखू येतो.

तरीही माझा सल्ला: परवानगी मिळाली तरी फॉर्म साहेबामार्फत वाटू नका. पारसिक यांनी सांगितलं तेच होतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये कर्मचारी आणि हाताखालचे लोक असुरक्षित गटांत धरले आहेत, ते यासाठीच. वरिष्ठाने पाठवलेल्या फॉर्मला नाही म्हणायला धैर्य लागतं. अशी संमती ही संमती नव्हे.

गेटबाहेर भेटा. ऐरोली, रबाळे, घणसोली, तिन्ही स्टेशनांबाहेर सकाळी चहाच्या टपऱ्या भरलेल्या असतात. दोघादोघांनी जा. ओळखपत्र गळ्यात. थकलेल्या माणसाला तिथेच वीस मिनिटं उभं करू नका. नंबर आणि वेळ घ्या, नाहीतर लिंक द्या आणि त्याला झोपू द्या.

गुलमोहर४२

विषयांतर होतंय, पण गटाच्या बैठका ठाण्यात ठेवा. पनवेल, डोंबिवली, घोडबंदर, सगळ्यांना मध्यवर्ती. पनवेलची ट्रान्स-हार्बर थेट ठाण्याला येते. बैठक झाली की मामलेदारची मिसळ.

येऊरची_वाट

मिसळ बैठकीच्या आधी घेऊ नका. तिखट खाऊन बसलं की चर्चेला कोणी तयार नसतं.

सावरी_ठाणे

आधी की नंतर यावर वेगळा धागा काढा, इथे नुसता वाद पेटेल. :)

माथाडीची_लेक

कोपरखैरण्याची आहे. वडील वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. एमएला आमचा गटाचा प्रकल्प होता, माथाडी कामगारांचा ताण आणि ते त्यातून कसे निभावतात यावर. गट मला हवा होता, कारण बाजारात मुलाखती घ्यायला एकटी मुलगी जाणार नाही असं घरून बजावलं होतं. पण गटाचा खरा उपयोग नंतर कळला.

मी मुलाखत घ्यायला बसले की सगळे मला 'दादांची पोर' म्हणून वागवायचे. चहा मागवायचे, अभ्यास कसा चाललाय विचारायचे, आणि ताणाबद्दल विचारलं की 'आपलं बरं चाललंय बाय' एवढंच. कर्ज, दारू, कंबरदुखीच्या गोळ्या, यातलं एक अक्षर नाही. गटातला एक मुलगा ठाण्याच्या नौपाड्याचा, बाजारात आयुष्यात पहिल्यांदाच आलेला. त्याच्यापाशी तीच माणसं भडाभडा बोलली. तो उद्या निघून जाणार होता, त्याच्यापासून लपवायचं काय? उलट गावाकडच्या गोष्टी, सातारकडचं घर, भावकीचे वाद, हे माझ्याशी बोलले. त्याला ते संदर्भच लागले नसते. दोघांचे कागद शेजारी ठेवले तेव्हा कुठे माणूस पुरा दिसला. एकटीने केलं असतं तर 'माथाडींना ताण कमी' असा निष्कर्ष मी प्रामाणिकपणे लिहिला असता.

दुसरी गोष्ट प्रश्नावलीची. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, असे पाच पर्याय वाचून दाखवले की वयस्क कामगार पहिला किंवा शेवटचा धरायचे, मधले तीन त्यांच्या लेखी नव्हतेच. मग गटातल्या एकीने घरून स्टीलचे पाच पेले आणले. एक रिकामा, एक काठोकाठ, मधले तीन चढत्या पातळीने. गोण्यांच्या थप्पीवर ओळीने मांडले आणि विचारलं, 'दिवस संपताना थकवा केवढा?' एका आजोबांनी तिसऱ्या पेल्यावर बोट ठेवलं, थांबले, मग चौथा उचलून पुढे सरकवला. 'पावसाळ्यात हा,' म्हणाले. गोणी भिजली की जड होते ना. पावसाळा आमच्या प्रश्नावलीत कुठेच नव्हता.

बोलायची वेळही बघा. ट्रक यायची वाट बघत बसलेले असतात तेव्हा माणसं बोलतात. ट्रक लागला की काम आधी. त्यांचा दिवस आपल्या वेळापत्रकाने चालत नाही.

कट्टा

माथाडीची_लेक, हे वाचून थांबलो. माणूस बदलला की उत्तर बदलतं, हा गटाच्या बाजूचा मुद्दा मी कधी ऐकला नव्हता. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण हा मुद्दा मानतो.

मध्यमान

पेल्यांची कल्पना सुंदर आहे. फक्त साधन बदललं की जुने प्रमाणांक (तुलनेसाठी ठरलेले गुण) त्याला लागू होत नाहीत. आधी थोड्या लोकांवर करून बघायचं, दोनदा विचारून उत्तर टिकतं का ते तपासायचं, आणि बदल लिहायचा.

खारफुटी, तुझ्या माहितीच्या तक्त्यात 'कोणी विचारलं' हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेव. पाच जण विचारणारे असले की पाच शैली येतात. संमतीचा मजकूर, सुरुवातीचं वाक्य, 'म्हणजे काय?' असं विचारल्यावर द्यायचं उत्तर, सगळं लिहून पाठ करा. तरीही फरक राहतोच, पण रकाना असला तर तो तपासता येतो.

आणखी एक. एकाच कंपनीतली माणसं एकमेकांसारखी असतात: तोच साहेब, तीच बस, तेच कॅन्टीन. सहा कंपन्यांतून वीस-वीस जण घेतले आणि त्यांच्यातलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे अगदी सारखे) अवघं ०.०५ धरलं, तरी ते १२० जण हिशेबात ६१-६२ जणांएवढेच भरतात. म्हणून वीस जणांच्या सहा टोळ्यांपेक्षा पाच-पाच जणांच्या चोवीस बऱ्या. स्टेशनबाहेर गाठलंत तर हे आपोआप साधेल.

उपवन

मुलाखतीही घेणार असाल तर विश्लेषण दोघांनी स्वतंत्र करा. एकच मुलाखत दोघांनी वेगवेगळी वाचून संकेत (मजकुराच्या तुकड्यांना नावं) द्यायचे आणि जुळणी कोहेनच्या कापाने मोजायची, म्हणजे दोघांचे संकेत योगायोगापेक्षा किती जास्त जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याने. एकट्या संशोधकाला ही सोय नसते. गटाच्या बाजूने हाही मुद्दा घ्या.

शांत_पाणी

उपवन, हे पद्धतीवर अवलंबून आहे. आधी ठरवलेल्या संकेतांची यादी असेल तर कापा ठीक. पण ब्रॉन आणि क्लार्क यांच्या २००६ पासूनच्या मांडणीप्रमाणे आशयसूत्रं (मुलाखतींतून पुन्हा पुन्हा दिसणारे अर्थ) काढणार असाल, तर तिथे संशोधकाचं वाचन हाच विश्लेषणाचा भाग आहे. त्या दोघींनी स्वतःच जुळणीचा आकडा काढायला विरोध केला आहे. बऱ्याच प्रकल्पांत पद्धत त्यांची आणि खाली कापा, असं दिसतं. परीक्षकाने अचूक तिथेच धरावं अशी ही जागा. माथाडीची_लेक आणि त्या नौपाड्याच्या मुलाला वेगवेगळं ऐकू आलं, तेच तर त्या प्रकल्पाचं धन होतं. आकड्याच्या हट्टापायी त्यांना एकमेकांशी जुळवून घ्यायला लावलं असतं तर ते हरवलं असतं.

उपवन

मान्य. मी यादीवाल्या पद्धतीचाच विचार करत होतो.

शांत_पाणी

एक गंभीर गोष्ट राहिली. अशा प्रकल्पांत हौसेने पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची चाचणी टाकतात. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्मवर पहाटे चारला कोणी 'जवळजवळ रोज' असं उत्तर दिलं तर तुम्ही काय करणार? नाव नाही, नंबर नाही, आणि तुम्ही ते उघडणार महिनाअखेरीस. उत्तर आल्यावर काही करण्याची तयारी नसेल तर तो प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला नाही. पीएचक्यू-८ मध्ये तो प्रश्न नाही, हवी तर ती घ्या. आणि कुठलीही चाचणी घेतलीत तरी शेवटच्या पानावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ठळक छापा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सावरी_ठाणे

मग ठाण्याच्या मनोरुग्णालयातच प्रकल्प का करत नाहीत मुलं? इतकं जुनं, १९०१ चं रुग्णालय आपल्या शहरात आहे.

शांत_पाणी

रुग्णांवर संशोधन करायला नैतिक समितीची रीतसर परवानगी लागते आणि संमतीचा प्रश्न फार नाजूक असतो. एका सत्राच्या प्रकल्पात त्यांना ओढू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे शिकायला, निरीक्षणाला जरूर जावं.

गुलमोहर४२

माझी मुलगी खारघरहून याच विषयात एमए करते आहे. मला आई म्हणून विचारायचं आहे. पुढे पीएचडीच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत 'गटाचा प्रकल्प' म्हटलं की कमी लेखतात का?

तीन_हात_नाका

मी मुलाखती घेते म्हणून सांगते. 'आम्ही केलं' एवढंच सांगणारा उमेदवार मागे पडतो, मग प्रकल्प गटाचा असो की एकट्याचा. 'मुलाखतींचा आराखडा मी बनवला, माहिती स्वच्छ करताना अमुक अडचण आली, ती अशी सोडवली' असं सांगणारी मुलगी लक्षात राहते. संशोधन मासिकांत हल्ली क्रेडिट नावाची पद्धत आहे, त्यात कामाच्या १४ भूमिका ठरलेल्या आहेत: कल्पना, पद्धत, माहिती गोळा करणं, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख वगैरे. कोणी काय केलं ते नावासकट छापतात. अहवालाच्या सुरुवातीला असं एक पान जोडायला कोणाची हरकत नसावी. आणि पुढेमागे लेख छापायचा झाला तर नावांचा क्रम आताच ठरवून लिहून ठेवा. नंतर त्यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

खारफुटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही पाचही जण ठाण्यात भेटलो. धागा छापून नेला होता.

गटाने करायचं ठरलं. एकच प्रश्न: रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप कशाने मोडते, आणि त्याचा शिणाशी संबंध किती. दिवसपाळीशी तुलनाही करणार. पारसिक दादांमुळे घरकामाचा आणि घरातल्या आवाजाचा भाग आला. पनवेलच्या मैत्रिणीने स्वतःच सांगितलं की तिला सकाळी फील्डवर्क जमणार नाही, पण आकडेमोड ती घेते. ती जामोवी हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर आधीपासून वापरते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. फील्डवर आम्ही चौघं, दोघादोघांच्या जोड्या. वहीत 'जमणार नाही' हा रकाना सगळ्यात आधी आखला.

गुणांचं मात्र सुटलं नाही. मार्गदर्शक मॅडम तोंडी परीक्षा प्रत्येकाची वेगळी घ्यायला तयार आहेत, चर्चेचं प्रकरणही वेगळं चालेल म्हणाल्या, पण लेखी अहवालाचे गुण सारखेच राहणार. डोंबिवलीच्या मित्राचा त्याला अजून विरोध आहे.

कट्टा

तुझ्या मित्राचं बरोबर आहे आणि त्याने तो विरोध विभागाकडे लेखी द्यावा. प्रकल्प मात्र करा. आणि जामोवीचा प्रत्येक टप्पा त्या पनवेलच्या मुलीकडून बाकीच्या चौघांनी शिकून घ्या, नाहीतर परीक्षकांसमोर माझ्यासारखी पाळी येईल.

पारसिक

माझ्यावर आधी करून बघायचं असेल तर मी तयार आहे. टीममधल्या त्या ताईंनाही विचारलं, त्या रविवारी दुपारी चारनंतर बोलतील म्हणाल्या. अट एकच. निष्कर्ष निघाला की एक पान, मराठीत, आम्हाला द्यायचं.

खारफुटी

नक्की देणार दादा, संमतीपत्रकातच तसं लिहितो. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा सोमवारी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. माथाडीची_लेक ताई, तुम्हालाही पाठवू का?

माथाडीची_लेक

पाठव. मराठीतून परत इंग्रजी करून देईन, मूळ प्रश्नावली न बघता, म्हणजे मराठीत अर्थ बदललाय का ते कळेल. ते काम तुमच्यापैकी कोणी करू नका, तुम्हाला मूळ माहीत आहे.

मध्यमान

आणि ज्यांच्यावर आधी करून बघाल त्यांना मुख्य नमुन्यात धरू नका. पारसिक, म्हणजे तुम्ही १२८ मध्ये नाही.

पारसिक

चालेल. पण पान हवं.